रात्रीची मुंबई जागी कुणी ठेवली?



आपल्या गावात रात्री नऊनंतर काय उघडं असतं? बहुतेक गावांचं उत्तर एकच, काही नाही. शेवटची एसटी गेली, किराणावाल्यानं शटर ओढलं, की गाव मिटलं. साखर संपली तर सकाळपर्यंत थांबायचं. पोरगं तापानं फणफणलं तर गोळीसाठी शेजारचं दार वाजवायचं. म्हणून मुंबईला राहून आलेली बाई गावात आली की पहिलं कौतुक तिथल्या रात्रीचंच सांगते. बारा वाजता चहा मिळतो, एक वाजता गरम पावभाजी मिळते, औषधाचं दुकान रात्रभर उघडं असतं, आणि रस्त्यावर इतका उजेड की सुई पडली तर सापडावी.

आज या सुखाबद्दल बोलायचं आहे. रात्र आणि बाई हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला फक्त भीतीच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत. पण रात्रीचं सुखही असतं, आणि ते कुणाच्या जागण्यावर उभं राहिलं याला मोठा इतिहास आहे. त्यात बाया जागोजागी आहेत. त्यांची नावं मात्र फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

कधी न मिटणारी ही मुंबई एके काळी रोज रात्री चक्क दरवाजे लावून घ्यायची. इंग्रजांचा कोट होता, भोवती खंदक होता, आणि तीन मोठे दरवाजे होते: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. रात्री ते बंद होत. कोटाच्या आत साहेब लोक आणि बडे व्यापारी, बाहेर बाकीची सगळी वस्ती. १८६२ साली बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात हा तट पाडला गेला. शहराला तो अंगरखा तोकडा पडायला लागला होता. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याच दिवसांत, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक निघालं. मराठीतून या शहराची एवढी तपशीलवार हकीकत सांगणारं ते पहिलं पुस्तक. आज चर्चगेट म्हटलं की लोकल आठवते. तिथं खरोखरचा दरवाजा होता आणि तो रात्री लागायचा, हे त्या स्टेशनातून रोज ये-जा करणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं.

दरवाजे गेले, पण अंधार होताच. रस्त्यावर तेलाचे मिणमिणते दिवे असत. १८६५ साली मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. रोज संध्याकाळी माणसानं फिरून एकेक दिवा लावायचा आणि नंतर विझवायचा. म्हणजे शहर जागं ठेवायला पहिल्यापासूनच कुणीतरी राबत होतं.

मुंबईला खरी जाग आणली ती गिरण्यांनी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली आणि १८५६ पासून तिथं सूत निघू लागलं. सुरुवातीला गिरणीचं काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, कारण आत दिवे नव्हते. सूर्य मावळला की साचा थांबे. पुढे विजेचे दिवे आले आणि मालकाचा दिवस लांबला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. आपल्या घरी लाइट आली तेव्हा आपण पेढे वाटले. त्या कामगारांना मात्र गिरणीतल्या विजेचा राग आला, आणि तो बरोबरच होता.

त्याच्या आधीची एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. ‘दीनबंधू’ हे पत्र ते चालवत. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. मोठ्या सणावारी गिरणी बंद राही, तीच सुट्टी, आणि त्यातही यंत्रं साफ करायला बोलवत. लोखंड्यांनी १८८४ सालापासून मागणी लावून धरली: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन गिरणी कामगार बाया भाषणाला उभ्या राहिल्या. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर! आपल्या ग्रामसभेत उठून दोन वाक्यं बोलायची तर अजून कितीजणींचे पाय लटपटतात ते आपल्याला माहीत आहे. त्या दोघी कोण, कुठल्या गावच्या, घरी जाऊन त्यांना काय ऐकावं लागलं, काही कळत नाही. पण त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जागं राहणाऱ्या शहरानं आठवड्यातून एकदा तरी डोळा मिटावा हे मालकांकडून भांडून घ्यावं लागलं आहे, आणि ते भांडण बायांनीही केलं आहे.

तेव्हा गिरणीत बाया होत्या तरी किती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार-पाच कामगारांमागे एक बाई असे. सूत गुंडाळण्याच्या आणि रिळं भरण्याच्या खात्यांत त्या असत. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी नवऱ्याबरोबर आलेली. मग त्या गेल्या कुठे? इथं रात्रीचा प्रश्न येतो. १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायांचे कामाचे तास अकरावर आणले आणि त्यांच्या रात्रीच्या कामावर बंधनं घातली. १९४८ च्या कायद्यानं तर स्पष्टच ठरवलं की बाईनं कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत काम करायचं. हेतू चांगला होता. अंगमेहनतीनं पिचलेल्या बाईला निदान रात्र तरी मिळावी. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदाही झाला. पण मालकांनी दुसराच हिशेब मांडला. बाईला रात्रपाळी देता येत नाही, बाळंतपणाचा खर्च द्यावा लागतो, शिवाय नवी यंत्रं आली की तिची कामं कमी होतात. मग तिला ठेवायचीच कशाला? वर्षामागून वर्षं बायांची संख्या घटत गेली आणि गिरणी पुरुषांची झाली. रात्र दिली आणि नोकरी काढून घेतली, असा तो व्यवहार झाला.

गिरणीतून बाई गेली तरी गिरणगावाच्या रात्रीतून ती गेली नाही. परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड या भागात कोकणातले, साताऱ्याकडचे, घाटावरचे गडी राहत. त्यातले कितीतरी एकटेच होते, बायको-पोरं गावाला. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा जण, कुठं त्याहून जास्त. सगळे एका वेळी झोपू शकत नसत, आणि झोपायची गरजही नव्हती, कारण गिरणी तीन पाळ्यांत चाले. सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री बारा, असा साधारण हिशेब. एकजण पाळीला निघाला की त्याच्या जागेवर दुसरा येऊन अंग टाकणार. भोंगा वाजला की रस्ता माणसांनी भरून जायचा, मग मध्यरात्र का असेना.

आता विचार करा, तीन पाळ्यांच्या माणसांना जेवायला कोण घालत होतं? खानावळवाली. आपल्याच खोलीत स्टोव्हवर दहा-वीस जणांचं, कधी त्याहून जास्त माणसांचं जेवण रांधणारी बाई. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे तयार हवा, दुसऱ्या पाळीवाला मध्यरात्री येऊन जेवणार, तिसऱ्या पाळीवाल्याला बाराच्या आधी वाढायचं. मग भांडी. मग चाळीच्या नळाला पाणी येईल तेव्हा रांग. कापडगिरणी कायद्यानं बाईला रात्री बंद होती, पण चुलीला कुठला कारखाना कायदा लागतो? महिन्याच्या शेवटी गडी पैसे देणार, तोवर किराणा उधारीवर. गड्याचा पगार लांबला की हिचा वाणी थकला, वाणी थकला की सावकार आला. हे चक्र आपल्या ओळखीचं आहे.

ते तोडायला कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्यांचे गट केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची जबाबदारी. मैत्रिणींनो, आपले बचत गट आपल्या तालुक्यात आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आपण ज्याला गटाची हमी म्हणतो ती या बायांनी रात्री दोन वाजता भांडी घासता घासता उभी केली, असं आम्हाला तरी वाटतं.

१९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. पुढची गोष्ट लांब आहे आणि दुःखाची आहे. एक-एक भोंगा थांबला. गडी गावाला परतले, आणि उधारी बुडाली ती खानावळवालीची.

सुखाबद्दल बोलतो म्हणालो आणि कष्टांतच रमलो. तर गिरणगावाच्या रात्रीत रंगही भरपूर होते. दुसरी पाळी सुटली की नाक्यावर चहा, कुठं भजनाला टाळ लागलेले, कुठं शक्तीतुऱ्याचा सामना, कुठं दशावतार. सोशल सर्व्हिस लीग ही १९११ साली ना. म. जोशींनी स्थापलेली संस्था. तिनं कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, आणि १९२२ साली परळला दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. दिवसभर राबलेला माणूस रात्री अक्षर गिरवू शकतो, नाटक बघू शकतो, ही केवढी चैन! पण ही चैन जास्त करून पुरुषांची होती. चाळीतल्या बाईच्या वाट्याला रात्रीची गॅलरी यायची. कामं उरकून कठड्याला टेकून चार शब्द बोलायचे, खाली रस्ता वाहता बघायचा. आणि गावाकडे राहिलेल्या बाईच्या वाट्याला पहाटेचं जातं आणि मनीऑर्डरची वाट. आपल्या आज्यांच्या ओव्यांत मुंबई येते ती अशी दुरूनच.

आपल्या गटांतल्या आम्ही काहीजणी वांद्र्याला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल घेऊन गेलो होतो. चटण्या, पापड, नाचणीचे लाडू. रात्री माल आवरून, हिशेब करून आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रस्त्यावर गर्दी. टपरीवर चहा घेतला आणि नुसत्या उभ्या राहिलो. कुणी विचारलं नाही की एवढ्या रात्री कुठं, कुणाबरोबर, कशाला. आमच्यातल्या एका पन्नाशीच्या बाई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून रात्री विनाकामाची घराबाहेर उभी राहिले ती आजच. आम्ही हसलो, पण नंतर प्रत्येकीनं मनात हिशेब केला असणार. विनाकाम हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंबईतल्या तीन लेखिकांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं ते याच शब्दावर. लॉयटर म्हणजे उगाच रेंगाळणं, हिंडणं. त्यांचं म्हणणं असं की मुंबईतसुद्धा बाईला बाहेर दिसायचं तर हातात पिशवी हवी, नाहीतर कडेवर पोर, नाहीतर कामावर निघाल्याची घाई हवी. पुरुष कट्ट्यावर नुसता बसतो, बाईला कारण लागतं.

आणि लागतं ते संडास. हेही स्पष्ट बोलू. त्या रात्री चहा निम्मा टाकून दिला तो याच भीतीनं. २०११ साली मुंबईत बायांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ नावानं मोहीम सुरू केली, कारण पुरुषांना लघवीला पैसे पडत नव्हते आणि बायांकडून घेत होते. शहर रात्रभर उघडं आहे की नाही याची आमची परीक्षा सोपी आहे: पावभाजीची गाडी बघू नका, बायांच्या संडासाला कुलूप आहे का ते बघा.

आज मुंबईची रात्र कोण जागवतं? पहाट व्हायच्या आत ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर बोटी लागतात आणि कोळणी टोपल्या घेऊन हजर असतात. ससून डॉक १८७५ चा, म्हणजे दीडशे वर्षांचा. कोळणीला रात्रीचं बाहेर जाऊ नको असं कुठल्या कायद्यानं सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. दादरच्या फूलबाजारात अंधार असतानाच झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात. आणि वाशीच्या बाजारात रात्री ट्रक येतात. त्या ट्रकमध्ये काय असतं ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं? तुम्ही दुपारी उन्हात बसून बांधलेली मेथीची जुडी मध्यरात्री घाट उतरते आणि सकाळी दादरच्या पुलाखाली विकली जाते. मुंबईच्या रात्रीत तुम्हीही कामाला आहात, फक्त हजेरीपटावर नाही.

नर्सबाईंचं तर विचारूच नका. मुंबईत १८८६ साली बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं आणि त्याच्या प्रमुख एडिथ पिची या डॉक्टर होत्या. तेव्हापासून नर्स रात्रपाळी करतेच आहे. बाळ काही सहा ते सातच्या वेळेत जन्मत नाही. म्हणजे बघा, गिरणीत पगाराची रात्रपाळी बाईला नको, तिच्या जिवाला धोका. पण सेवेची रात्रपाळी चालते. हा फरक आम्हाला आजवर पटलेला नाही.

न मिटणारी मुंबई दोनदा तरी मिटली. १८९६ मध्ये प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. दुसऱ्यांदा आपण डोळ्यांनी पाहिलं. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली. एरवी शेवटची गाडी मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास, मध्ये जेमतेम तीन-चार तास रूळ रिकामे असतात. ते रूळ जूनच्या मध्यापर्यंत प्रवाशांविना राहिले. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीच्या शेवटी मुंबईत काही ठिकाणची हॉटेलं आणि मॉल चोवीस तास उघडे ठेवायला सरकारनं परवानगी दिली होती. दोन महिने झाले नाहीत तोवर सगळंच बंद.

आता कायद्याचं थोडं, कारण आपल्या मुली तिकडे कामाला जातात. १९४८ च्या कायद्यातली बायांवरची ती रात्रबंदी मद्रास हायकोर्टानं २००० साली घटनाविरोधी ठरवली. महाराष्ट्रात २०१७ साली दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा झाला. त्यानुसार दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे लोखंड्यांचा रविवार शाबूत आहे, वार कोणताही असो. आणि रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. ती तयार असेल तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय मालकानं करायची. संमती म्हणजे कोऱ्या कागदावर सही नव्हे, हे मुलींना घरातून निघतानाच सांगा.

हा विषय आमच्या बैठकीत आला तो एका सभासदाच्या मुलीमुळे. तिचं नर्सिंग झालं आणि मुंबईच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली, नाइट ड्युटी पक्की. अर्ध्याजणी म्हणाल्या, नको, लग्न कसं जमायचं. अर्ध्याजणी म्हणाल्या, जाऊ दे. एकमत झालं नाही, अजूनही नाही. शेवटी आईनं चार प्रश्न लिहून नेले: राहायचं कुठं, ड्युटी सुटल्यावर सोडायला गाडी आहे का, रात्री वॉर्डात एकटी की दोघी, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. उत्तरं बरी मिळाली, मुलगी गेली. आई पहाटे चारला धार काढायला उठते, तेव्हा तिकडे मुलगी चहा घेत असते. त्या वेळेला दोघींचा फोन होतो. बोलणं बहुतेक म्हशीचंच असतं.